डेव्हिल रे पाहायला जा, पण दोर सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत अझोर्स बेटांजवळच्या ‘प्रिन्सेस ॲलिस’ या समुद्रातल्या डोंगरावर जमणाऱ्या डेव्हिल रेंवरचा, म्हणजे पाकटाच्या कुळातल्या मोठ्या माशांवरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी आहेत, वर्णनही झकास. अडचण इतकीच, की तो वाचून पुण्या-मुंबईतले, नुकतेच अंदमानला किंवा मालवणला स्कूबा शिकलेले चार उत्साही लोक उद्या तिकिटे काढतील आणि त्यांना जे ठाऊक हवे तेच लेखात नाही. दोन गोष्टी तर चुकीच्याच छापल्या गेल्या आहेत. म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण काटछाट करताना दोराचा आणि जाळ्याचा भाग तेवढा ठेवावा, ही विनंती.

आधी चुका. छायाचित्रांखाली ‘मांटा’ (डेव्हिल रेचेच एक मोठे भावंड) लिहिले आहे. ते मांटा नव्हेत. मांटाचे तोंड डोक्याच्या अगदी पुढच्या कडेला असते, समोरून पाहिले तर सरळ आत दिसते. छायाचित्रातल्या प्राण्याचे तोंड कडेपासून मागे, पोटाच्या बाजूला आहे, पाठ तपकिरी-हिरवट आहे, मान लांब आहे आणि पाख कोयत्याच्या पात्यासारखे मागे वळलेले आहेत. ही ‘मोब्युला तारापकाना’, इंग्रजीत सिकलफिन डेव्हिल रे. पाखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच-तीन मीटर, क्वचित त्याहून जास्त. मांटा तिथे दिसतो, पण अधूनमधून. दुसरी चूक ‘शेपटीच्या काट्यापासून सावध’ या इशाऱ्याची. आपल्या किनाऱ्यावरच्या पाकटाच्या शेपटीला काटा असतो, तो मारतो आणि मारला की माणूस रात्रभर तळमळतो, हे कोकणात सांगायला नको. पण या जातीच्या शेपटीला काटाच नसतो. तिथे घाबरायचे असेल तर दुसऱ्या गोष्टींना घाबरावे. त्यांच्याकडे वळतो.

प्रिन्सेस ॲलिस हा पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातल्या फायाल आणि पिको या बेटांच्या नैऋत्येला सुमारे नव्वद किलोमीटरवर, पाण्याखाली उभा असलेला डोंगर. मोनॅकोचे राजे पहिले आल्बर्ट यांच्या संशोधन मोहिमेला १८९६ मध्ये तो सापडला आणि त्यांच्या जहाजाचेच नाव त्याला मिळाले. पायथा हजार मीटरच्याही खाली, माथा पृष्ठभागापासून साधारण ३५ मीटरवर. आसपास कुठेही जमीन दिसत नाही. होर्ता किंवा मादालेना बंदरातून वेगवान बोटीने तीन तास जायला, तीन तास यायला, आणि ते अटलांटिकच्या लाटांवर आपटत. हंगाम जुलै ते सप्टेंबर. तेव्हा वरचे पाणी २० ते २४ अंश असते.

हे प्राणी तिथेच का जमतात, याचे ‘खायला’ हे एका शब्दातले उत्तर लेखात दिले आहे. प्रवाह डोंगरावर आदळतो, खालचे पोषक पाणी वर ढकलले जाते, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात, हे पाठ्यपुस्तकातले गणित. पण तिथे तासन्‌तास दिसणारे रे बहुतेक वेळा तोंड मिटून, डोक्यापुढची दोन ‘शिंगे’ गुंडाळून संथ फिरत असतात. खाताना ही शिंगे उलगडतात आणि पाणी तोंडाकडे वळवतात. तेव्हा निदान दिवसाच्या उजेडात, वरच्या थरात तरी त्यांचे जेवण चाललेले दिसत नाही. पोट फुगलेल्या माद्या बऱ्याच असतात. त्यामुळे प्रजननाशी या जमण्याचा संबंध असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे आणि आम्हालाही तो पटतो.

याच डोंगरावर २०११ आणि २०१२ मध्ये पंधरा रेंना उपग्रहाशी बोलणारे टॅग लावले गेले. निष्कर्ष २०१४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत हा उबदार पाण्यात, पृष्ठभागाजवळ राहणारा प्राणी समजला जात होता. टॅगांनी सांगितले की तो जवळजवळ २००० मीटर खोल बुडी मारतो, सेकंदाला सहा मीटर इतक्या वेगाने उतरतो, आणि तिथले पाणी चार अंशांहूनही गार असते. उतरतो सरळ, वर येतो मात्र टप्प्याटप्प्याने थांबत. हे थांबे बहुधा खोलवरच्या मासळीच्या थरांत चरण्यासाठी असावेत. एकेक बुडी तास-दीड तासाची. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे हे की अशा बुडीच्या आधी आणि नंतर तो सुमारे तासभर पृष्ठभागाजवळच्या कोमट पाण्यात काढतो. मेंदूला गरम रक्त पुरवणारे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे त्याच्या कवटीत असते हे आधीपासून माहीत होते, पण उबेत राहणाऱ्या प्राण्याला ते कशाला, हे कोडे होते. ते या टॅगांनी सुटले.

म्हणजे वरच्या पंधरा-वीस मीटरच्या थरात संथ फिरणारा रे हा रिकामटेकडा फिरत नसतो. तो ऊब साठवत असण्याची दाट शक्यता आहे. त्याच्यामागे पोहत जाऊन त्याला खाली पिटाळणारा डायव्हर त्याच्या कामात खोडा घालतो. ‘प्राण्यांना त्रास देऊ नका’ असे लेखात मोघम लिहिले आहे, त्यामागचे कारण हे.

आता पाण्यात काय करायचे ते.

बोट माथ्यावर नांगर टाकून उभी राहते. नाळेवरून (बोटीच्या पुढच्या टोकावरून) नांगराचा दोर खाली जातो आणि नाळेपासून वरामापर्यंत (मागच्या टोकापर्यंत) पाण्यालगत आणखी एक आडवा दोर बांधलेला असतो. पाठमोरी उडी मारली की पहिले काम हा आडवा दोर पकडण्याचे. कॅमेरा नंतर, मास्क सारखा करणे नंतर. प्रवाह असेल तर दहा सेकंदांत माणूस बोटीच्या मागे जातो आणि इतर डायव्हर पाण्याखाली असताना नांगरलेली बोट त्याच्यामागे लगेच धावू शकत नाही. म्हणून प्रत्येकाच्या खिशात फुगवायचा नारिंगी मार्कर (निदान दीड मीटर उंचीचा), रीळ आणि शिट्टी हवी. मार्कर फुगवण्याचा सराव घरच्या पाण्यात झालेला हवा. तिथे पहिल्यांदा रीळ सोडणारा हमखास गुंता करतो आणि गुंत्यासकट वर ओढला जातो.

आडव्या दोराने नाळेपर्यंत, मग नांगराच्या दोराने खाली आठ ते पंधरा मीटर, आणि तिथेच थांबायचे. बस्स. डाइव्ह एवढीच. जोराच्या प्रवाहात माणूस दोराला धरून निशाणासारखा आडवा फडफडतो. एका हाताने तासभर दोर धरला की बोटे आखडतात, म्हणून दीड-दोन मीटरचा पट्टा आणि त्याच्या टोकाला हूक अशी ‘जॉन लाइन’ घ्यावी. ती दोरात अडकवली की हात मोकळे राहतात, आणि लाटेवर बोट उचलली जाते तेव्हा दोराला बसणारा हिसका पट्टा खातो, खांद्यापर्यंत येत नाही. वर येताना शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबतात त्या सेफ्टी स्टॉपला हा हिसका फार त्रास देतो. दोर घट्ट धरून ठेवणारा माणूस लाटेबरोबर तीन मीटरवर जातो आणि पुन्हा सहावर येतो. तिथे दोर मुठीतून सैल सरकू द्यावा आणि खोली फुफ्फुसांनी सांभाळावी.

हातमोजे घालाच. केवळ दोराने हात सोलतात म्हणून नव्हे. पावसाळ्यात जुहूला वाहून येणारी ती निळी ‘ब्लू बॉटल’ आठवा. तिची अटलांटिकमधली मोठी बहीण, पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, अझोर्सच्या पाण्यात असते. प्रवाहात तिचे तुटलेले धागे नांगराच्या दोराला गुंडाळले जातात. धागा तुटला तरी त्याचा डंख जिवंत राहतो. उघड्या तळव्याने तो दोर धरला तर डाइव्ह तिथेच संपते.

वजनाच्या बाबतीत आपल्याकडचे डायव्हर तिथे हटकून चुकतात. अंदमानात किंवा नेत्राणीला तीन मिलिमीटरचा सूट आणि अॅल्युमिनियमचा सिलिंडर असतो. अझोर्समध्ये पाच ते सात मिलिमीटरचा सूट, वर टोपी, आणि सिलिंडर बारा किंवा पंधरा लिटरचा पोलादी. जाड सूट वर उचलतो, म्हणून वजन वाढवावे लागते. पोलाद खाली ओढते, म्हणून ते कमी करावे लागते. अॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की दोनेक किलोने तरंगू लागतो, पोलादी तसा तरंगत नाही. हे दोन्ही हिशेब डोक्यात करत बसण्यापेक्षा आदल्या दिवशी बंदराजवळच्या साध्या डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेचा दाब) उरलेले असताना, तरंगण्यासाठी हवा भरायचे जॅकेट पूर्ण रिकामे करून पृष्ठभागावर उभे राहावे. पाणी डोळ्यांच्या पातळीला आले आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडायला लागलात, तर वजन बरोबर आहे. ही चाचणी प्रिन्सेस ॲलिसवर करण्यात अर्थ नाही. आणखी एक, रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारे साधन) स्वतःचा नेणार असाल तर युरोपात बहुतेक सिलिंडरांना ‘डिन’ पद्धतीचे, म्हणजे आट्यांत फिरवून बसवायचे तोंड असते. आपल्याकडच्या योकवाल्या (वरून शिकंज्याने आवळायच्या) रेग्युलेटरला मधला इन्सर्ट लागतो. तिथे तो मिळेल का, हे आधीच विचारून ठेवावे.

निळ्या पाण्यात नजर टेकवायला काहीच नसते. भिंत नाही, वाळू नाही, खाली नुसता गडद होत जाणारा रंग. अशा ठिकाणी माणूस कॅमेऱ्यात डोळा घालून दोर सोडतो आणि नकळत पाचचे पंधरा, पंधराचे तीस मीटर खाली जातो. कानांना दुखेपर्यंत त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून दर मिनिटाला मनगटावरचा कॉम्प्युटर पाहायचा आणि दोर कायम हाताच्या अंतरावर ठेवायचा. हवेचा हिशेबही थोडा कडक हवा: २०० बारवर उतरलात तर १०० बारला सांगायचे आणि ५० बार उरलेले असताना शिडीशी असायचे. गार पाणी, प्रवाह आणि घबराट हे तिन्ही मिळून हवा नेहमीपेक्षा झपाट्याने खातात. आमच्या मते ज्याच्या खात्यात पन्नासहून कमी डाइव्ह आहेत आणि त्यातली एकही प्रवाहात दोराला धरून झालेली नाही, त्याने तिथे जाऊ नये. एजंट काहीही म्हणोत. आठ दिवसांपूर्वी ‘ओपन वॉटर’ हा स्कूबाचा पहिला कोर्स पास झालेल्या माणसाला हा प्रवास विकणे हा धंदा झाला, मार्गदर्शन नव्हे.

रे कसे येतात? बहुधा एकामागे एक, रांगेने. लांबून राखी ठिपके दिसतात, मग आकार, मग दोराभोवती एक-दोन फेऱ्या, आणि निघून जातात. तुमच्या बुडबुड्यांचे त्यांना कुतूहल असते, पण अंगाखालून बुडबुडे सुटले की ते चमकून वळतात. तेव्हा रे डोक्यावरून जात असेल तर तेवढ्यापुरता श्वास हळू सोडावा. तो रोखून मात्र धरू नये, हे शिकवताना सांगितलेलेच असते. शरीर उभे आणि स्थिर ठेवावे. त्यांच्या वाटेत शिरू नये, वरून जाऊ नये, हात लावू नये. त्वचेवरचा चिकट थर निघाला की जंतूंना वाट मिळते. पाठलाग करणाऱ्याला शेपटीचेच छायाचित्र मिळते, आणि त्याच्यामुळे दोरावरच्या उरलेल्या सातजणांना तेही मिळत नाही.

छायाचित्रांबद्दल थोडे. पाच-सहा मीटरवरच्या रेला फ्लॅश पोहोचत नाही. पोहोचतो तो मधल्या प्लवकांवर आणि चित्रात बर्फ पडल्यासारखे दिसते. नैसर्गिक उजेडात, खालून वर टिपावे. पोट पांढरे असते, ते जळू नये म्हणून एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे. आणि पोटाचेच छायाचित्र घ्यावे असे आमचे आग्रहाने सांगणे आहे, कारण पोटावरच्या करड्या डागांची मांडणी प्रत्येक प्राण्याची वेगळी असते. मागच्या लहान परांशी दोन नळ्यांसारखे अवयव दिसले तर नर, नाहीतर मादी. तारीख, जागा आणि हे पोट एवढे असले तरी ते छायाचित्र संशोधकांच्या कामाचे ठरते. ‘मांटा कॅटलॉग अझोर्स’ हा प्रकल्प पर्यटकांकडून अशीच छायाचित्रे घेतो. पुरवणीत छापलेली चित्रेही आपल्या लेखकाने त्यांना पाठवावीत.

हवामानाने प्रवास रद्द होणे ही तिथली रोजची गोष्ट आहे. त्यामुळे एकाच दिवसाचे आरक्षण करून जाऊ नका, दोन-तीन दिवस हातचे ठेवा. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी तासभर घ्यायची, आणि झोप आणणारी असेल तर घ्यायचीच नाही.

आणि येथेच अनेकांचे घोडे पेंड खाते: परतीचा दिवस. दिवसात दोन डाइव्ह झाल्या की निदान अठरा तास विमान नको, कारण अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे कमी दाबात बुडबुडे होतात. बेटाबेटांतले अर्ध्या तासाचे छोटे विमानही त्यात आले. त्याहून फसवा आहे पिकोचा डोंगर. २३५१ मीटर उंच, पोर्तुगालमधला सर्वोच्च, आणि डायव्हिंगच्या तळाशेजारीच उभा. ‘काल रे पाहिले, आज शिखर करू’ असा बेत रंगतो. पण दोन हजार मीटर चढणे म्हणजे शरीरातल्या नायट्रोजनच्या दृष्टीने विमानात बसण्यासारखेच, वर धाप लागेपर्यंत श्रम. डोंगर आधी करा, समुद्र नंतर. सांधे दुखू लागले, अंगाला मुंग्या आल्या किंवा गरगरले तर ‘थकवा असेल’ म्हणून झोपू नका. ऑक्सिजन घ्या आणि होर्ताच्या रुग्णालयात जा, तिथे या त्रासावर वाढीव दाबाखाली उपचार करण्याचा दाबकक्ष आहे.

एवढे झाले जाणाऱ्यांसाठी. न जाणाऱ्यांचाही यात संबंध आहे, कारण ही जात आणि तिची भावंडे अरबी समुद्रातही आहेत. आपल्या बोटींच्या गिलनेटमध्ये (पडद्यासारख्या उभ्या जाळ्यात) आणि पर्ससीनमध्ये (घेरून तळाशी आवळायच्या जाळ्यात) ती येतात. या प्राण्याला साधारण वर्षभराच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू होते, आणि तेही दरवर्षी नाही. बांगड्या-तारलीचा हिशेब इथे लावता येत नाही. मांसाला भाव फारसा नसतो. परदेशी बाजारात मागणी आहे ती वाळवलेल्या कल्ल्यांना, तथाकथित औषधासाठी.

गिलनेटमध्ये हे का मरतात हे समजून घेतले तर निम्मे काम होईल. या रेला श्वासासाठी सतत पोहावे लागते, पुढे सरकताना तोंडातून शिरलेले पाणी कल्ल्यांवरून जाते. जाळ्यात अडकून थांबला की गुदमरतो. रात्रभर पृष्ठभागाजवळ तरंगत ठेवलेले जाळे म्हणूनच घातक, कारण वरच्या उबदार थरातच हा प्राणी तासन्‌तास असतो. जाळे जितक्या लवकर ओढाल तितकी रे जिवंत सापडण्याची शक्यता जास्त.

हिंदी महासागर ट्यूना आयोगाने २०१९ मध्ये या प्राण्यांबाबत ठराव केला. भारत त्या आयोगाचा सदस्य आहे. मुद्दाम या रेंवर जाळे टाकायचे नाही, बोटीवर ठेवायचे नाही, आणि सोडताना काय करायचे नाही तेही त्यात लिहिले आहे: आकडा टोचायचा नाही, कल्ल्यांच्या फटीत हात किंवा दोर घालून उचलायचे नाही, उचलण्यासाठी अंगाला भोक पाडून तार ओवायची नाही. डेकवर प्रत्यक्षात नेमके हेच केले जाते, कारण दोनशे किलोचा निसरडा प्राणी धरायला दुसरे काही सापडत नाही. शेपटी किंवा डोक्यापुढची शिंगे धरून ओढणेही तितकेच वाईट.

करायचे ते असे. रे बोटीच्या बाजूला असतानाच, पाण्यात, जाळे कापून मोकळा करावा. चार हात जाळे गेले तर गेले. लहान असेल तर दोघांनी पाखांच्या पुढच्या जाड कडा दोन बाजूंनी धराव्यात, तिसऱ्याने मागून आधार द्यावा. मोठा डेकवर आलाच तर त्याच्याखाली जाड कॅनव्हास किंवा बारीक आसाचे जुने जाळे सरकवावे, चारही टोके विंचच्या हुकात घालावीत आणि पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडावे. उंचावरून टाकू नये. विंच मोकळा होईपर्यंत ऊन लागू देऊ नये. पर्ससीनमध्ये जाळे आवळण्याआधी घेऱ्यात रे दिसला तर तो आधी काढावा. मासळीच्या ढिगाखाली दबल्यावर त्याला काढून उपयोग नसतो. कॅनव्हासचा असा झोळा दोन मीटर बाय अडीच मीटरचा, चार कोपऱ्यांना कड्या शिवलेला, कोणताही शिडे-ताडपत्र्या शिवणारा एका दिवसात करून देईल.

शेवटी अँग्रिया बँकेबद्दल, कारण लेखाच्या शेवटी ‘आपल्याकडेही असे पर्यटन हवे’ असे म्हणून तिचे नाव घेतले आहे. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा हा बुडालेला पठारी प्रदेश प्रिन्सेस ॲलिससारखा सुळका नव्हे. तो चाळीसेक किलोमीटर लांब, सर्वांत उथळ भाग वीस मीटरच्या आसपास, आणि वर जिवंत प्रवाळ. तिथे पर्यटकांच्या बोटी न्यायच्या तर पहिला प्रश्न नांगराचा आहे. अझोर्समध्ये उघड्या खडकावर नांगर टाकतात तसा प्रवाळावर टाकला तर एका हंगामात नुकसान होईल. तळाला पक्के बसवलेले बांधणीचे बोये आधी हवेत, आणि एका वेळी किती बोटी, एका दोरावर किती डायव्हर, हे आकडे परवाने देण्याआधी ठरायला हवेत. दुसरा प्रश्न दाबकक्षाचा. शंभर किलोमीटर समुद्र ओलांडून आलेल्या रुग्णाला विजयदुर्गहून रस्त्याने कुठे न्यायचे, याचे लेखी उत्तर असल्याशिवाय एकही बोट सोडू नये. आणि ही जागा राज्याच्या बारा सागरी मैलांच्या हद्दीबाहेर असल्याने हे ठरवणे केंद्राच्या हाती आहे. मागणी करायची तर पत्ता तो लिहावा.

आपले,
सागरी जीव अभ्यासक आणि स्कूबा प्रशिक्षक,
मालवण